घरातल्या बोन्सायला कीड लागली तर



लग्नात, नव्या घराच्या दावतीत किंवा ईदच्या भेटीत आजकाल मिठाईच्या डब्याबरोबर बोन्सायची कुंडीही येऊ लागली आहे. हातभर उंचीचे झाड, जाड खोड, वर पानांची छत्री आणि खाली पांढरे खडे. बैठकीत टीव्हीशेजारी ते मोठे शोभून दिसते. तीन-चार महिने बरे जातात. मग पाने हाताला चिकट लागतात, फरशीवर डाग पडतात, फांदीच्या बेचक्यात कापसासारखे काहीतरी दिसते आणि झाड रोज चार-पाच पाने गाळू लागते. घरातले कोणी म्हणते, "पाणी कमी पडतंय, जरा जास्त घाला." कोणी म्हणते, "शेतातलं औषध आहे ना, अर्धं झाकण टाका." पहिल्या सल्ल्याने झाडाची मुळे सडतात. दुसऱ्या सल्ल्याने घरातल्या लेकरांच्या जिवाला धोका होतो. तेव्हा या महिन्यात याच विषयावर जरा सविस्तर बोलू या.

घरात आल्यावर झाड काय गमावते?

बोन्साय हा जपानी शब्द. पसरट भांड्यात लावलेले झाड, एवढाच त्याचा अर्थ. ही कला चीनमधून जपानला गेली आणि तिथे बहरली. १९२३ साली टोकियो परिसरात मोठा भूकंप झाला. त्यानंतर तिथले बोन्साय करणारे माळी शहर सोडून ओमिया या ठिकाणी गेले आणि १९२५ मध्ये त्यांनी तिथे बोन्सायचे गावच वसवले. त्यांना मोकळी जागा आणि स्वच्छ हवा हवी होती. तिथली झाडे आजही बाहेर, उन्हापावसात फळ्यांवर मांडलेली असतात. पाहुणे येणार असतील तर एखादे झाड थोड्या वेळापुरते आत आणायचे आणि पुन्हा बाहेर ठेवायचे, ही जुनी रीत.

आपल्याकडे भेटीत येणारे बोन्साय बहुधा वड-पिंपळाच्या कुळातले, म्हणजे नांद्रुक किंवा त्याचे भाऊबंद असते. नाहीतर जाड, गुबगुबीत पानांचे जेड असते. दोन्ही झाडे उन्हातली. बैठकीत आणून ठेवली की त्यांच्या तीन गोष्टी जातात. ऊन जाते, त्यामुळे झाड अशक्त होते. पाऊस आणि वारा जातो, त्यामुळे पानांवर बसलेली कीड धुऊन जात नाही. आणि कीड खाणारे मित्रकीटक जातात. किडीला मात्र घरात काहीच त्रास नाही. तिला आयते जेवण आणि आयता निवारा मिळतो. म्हणून झाड वाळले की 'नजर लागली' म्हणून गप्प बसू नये. या तिन्ही गोष्टी झाडाला परत कशा देता येतील ते पाहावे.

संत्र्याच्या मुलुखातला धडा

आमचे शेंदूरजनाघाट सातपुड्याच्या पायथ्याशी. इथल्या रोपवाटिकांत जंबेरीच्या रोपावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरून कलमे तयार होतात आणि दूरदूरचे शेतकरी ती न्यायला येतात. जाणता शेतकरी कलम घेताना आधी पान उलटे करून खालची बाजू बघतो. कारण शत्रू तिथेच बसलेला असतो.

संत्र्याच्या बागेतली कोळशी वऱ्हाडात सगळ्यांना माहीत आहे. झाड काजळी फासल्यासारखे काळे पडते. पण ती काजळी हा मूळ रोग नाही. पानाखाली काळी माशी आणि तिची पिल्ले रस शोषतात, अंगातून साखरेसारखा चिकट पाक टाकतात, आणि त्या पाकावर काळी बुरशी वाढते. नुसती काजळी पुसली तर चार दिवसांनी झाड पुन्हा काळे होते. किडीचा बंदोबस्त झाला की काजळी आपोआप थांबते. बैठकीतल्या बोन्सायची चिकट पाने आणि फरशीवरचे डाग हा त्यातलाच प्रकार, फक्त कीड वेगळी.

आणखी एक धडा दूरच्या मुलुखातला आहे. वरुड-मोर्शीच्या पट्ट्याला आपण कौतुकाने 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणतो. त्या खऱ्या कॅलिफोर्नियात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत्र्याच्या बागा एका कापशा किडीने बसत चालल्या होत्या. ही कीड ऑस्ट्रेलियातून आलेली. तेव्हा १८८८ मध्ये अल्बर्ट कोबेल नावाच्या कीटकतज्ज्ञाला ऑस्ट्रेलियाला पाठवले गेले. त्याने तिथून ही कीड खाणारा लहानसा ढालकिडा पाठवला. हे ढालकिडे बागांत सोडले आणि एक-दोन वर्षांतच बागा सावरल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच भागात डीडीटीची फवारणी सुरू झाली. तिने ढालकिडे मेले आणि दबलेली कीड पुन्हा उसळली. विष शत्रू आणि मित्र यांच्यात भेद करत नाही.

आपल्या बैठकीत ढालकिडा येणार नाही. त्याचे काम आपल्याच बोटांना करावे लागते. हा उपाय संथ आहे, पण हमखास आहे.

कीड ओळखा

झाड खिडकीच्या उजेडात आणा आणि पाने उलटून बघा.

फांदीच्या बेचक्यात, पानाच्या देठाशी कापसाचे बारीक पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. जास्वंदीवर आणि बांधावरच्या गाजर गवतावरही तो असतो. तिथून मुंग्यांच्या मदतीने किंवा आपल्या कपड्यांवरून घरात येतो.

खोडावर, पानाच्या शिरेवर मसुरीच्या डाळीसारखे तपकिरी, चिकटलेले ठिपके दिसले आणि नखाने खरवडल्यावर सुटले तर ती खवले कीड. पुष्कळांना तो झाडाचाच भाग वाटतो, म्हणून ती उशिरा लक्षात येते.

पानांवर बारीक फिकट ठिपके, पान धुळकट आणि देठांमध्ये कोळ्याचे तलम जाळे असेल तर तो लाल कोळी. तो डोळ्यांना नीट दिसत नाही. पांढरा कागद खाली धरून फांदी झटका. कागदावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले की ओळख पटली. कोरड्या उन्हाळ्यात याचा जोर जास्त असतो.

कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर तीही खूणच समजा. मुंग्या तो गोड पाक चाटतात आणि त्या बदल्यात किडीची राखण करतात.

झाड जिवंत आहे का, हेही तपासा. फांदीची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवे दिसले तर जीव आहे. पाने सगळी गळाली असली तरी आशा सोडू नका. खोडाला सगळ्या बाजूंनी आत तपकिरी आणि कोरडे निघाले, किंवा खोड दाबल्यावर मऊ लागले, तर मात्र झाड गेले.

महिनाभराचा इलाज

पहिले काम, कुंडी बाकीच्या झाडांपासून वेगळी करा. वर चिकटवलेले पांढरे खडे काढून टाका. कित्येकदा ते डिंकाने एकमेकांना जोडलेले असतात आणि त्यातून पाणी मुळांपर्यंत पोचतच नाही. कुंडीच्या तळाला छिद्र आहे का तेही बघा. नसेल तर छिद्र असलेली कुंडी आणा. झाड अलगद उचलून मुळांवर नजर टाका. मुळांनाही पांढरी पावडर लागलेली असेल तर जुनी माती झाडून, मुळे पाण्याने धुऊन नव्या, निचऱ्याच्या मातीत लावा.

दुसरे काम हातांचे. वाळलेली आणि फार खराब पाने काढून, पिशवीत बांधून घराबाहेर टाका. मग कापसाच्या बोळ्याने एकेक पुंजका टिपून घ्या. बोळा दवाखान्यात इंजेक्शनआधी लावतात त्या स्पिरिटमध्ये बुडवला तर किडीवरचे मेण विरघळते. ज्या घरात स्पिरिट नको वाटते तिथे साबणाचे पाणी चालते, फक्त घासायला थोडा वेळ जास्त लागतो. खवले किडीसाठी जुना, मऊ दातांचा ब्रश घ्या. हे काम पोरांनाही आवडते. एकाने भिंग धरायचे, दुसऱ्याने पुसायचे.

तिसरे काम अंघोळीचे. मातीवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून बांधा, झाड तिरपे धरा आणि पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारा. बैठकीत न पडलेला पाऊस तो हाच. लाल कोळ्यावर तर हा उपाय फार गुणाचा आहे.

चौथे काम फवारणीचे. एक लिटर पाण्यात चहाचा एक छोटा चमचा, म्हणजे सुमारे ५ मिली, भांडी घासायचा सौम्य द्रव साबण मिसळा. कपडे धुण्याची पावडर नको, ती पाने जाळते. किंवा एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे काही थेंब घालून चांगले हलवा, कारण साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही. घरी निंबोळ्या असतील तर ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी फडक्याने गाळा. शेतकरी वापरतात तो ५ टक्के निंबोळी अर्क हाच. आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबा. जेडच्या पानांना तेल सोसत नाही, तिथे बोळ्यानेच काम करा. फवारणी संध्याकाळी, अंगणात किंवा गच्चीवर करावी.

पाचवे काम धीराचे, आणि इथेच पुष्कळ जण थांबतात. पिठ्या ढेकणाची मादी कापसाच्या पिशवीत शेकडो अंडी घालते. पहिल्या धुण्यात मोठी कीड जाते, अंडी राहतात. आठवड्याने त्यातून नवी पिल्ले निघतात. म्हणून सहा-सात दिवसांच्या अंतराने चार वेळा हेच करा. कोळशीवर फवारणी करणारा शेतकरीही अंडी फुटण्याची वेळ साधतो. एकदाच जोरात मारण्यापेक्षा वेळेवर पुन्हा पुन्हा मारणे कामाचे.

शेतातले विष घरात नको

आता सर्वांत महत्त्वाचे. वऱ्हाडात शेतीवाडी असलेल्या घरांत कपाशीच्या किंवा संत्र्याच्या औषधाची अर्धी बाटली कुठेतरी ठेवलेली असतेच. "थोडंच तर टाकायचंय" म्हणून ती बैठकीत येते. २०१७ मध्ये जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती मोकळी शेते होती. आपल्या बैठकीत दारे-खिडक्या बंद असतात, फरशीवर रांगते लेकरू असते, कोपऱ्यात दम्याच्या अम्मी झोपलेल्या असतात.

औषधाच्या वेष्टनावर रंगीत चौकोन असतो. लाल म्हणजे अति जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजेही निर्धोक नव्हे. शेतातले औषध सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका. लेकरू बाटली ओळखते, औषध नाही. कडुनिंबाचे तेलही लहान मुलांच्या हाती लागता कामा नये, ते पोटात गेले तर बाधते. चुकून कोणाच्या पोटात काही गेलेच तर घरीच उलटी करवू नका; मूळ डबा किंवा बाटली सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

वीतभर झाडासाठी एवढी जोखीम कशाला? झाड गेले तर दुसरे येईल.

बरे झाल्यावर

कीड गेली की लगेच खत घालण्याचा मोह होतो. थांबा. आजारातून उठलेल्या माणसाला आपण पहिल्या दिवशी बिर्याणी वाढत नाही. नवी पाने नीट उघडल्यावर थोडे शेणखत किंवा गांडूळखत द्या. जास्त नत्राने पाने लुसलुशीत होतात आणि रस शोषणाऱ्या किडीला तीच आवडतात. संत्र्यावरही काळी माशी नव्या नवतीवरच उतरते.

झाड पूर्वेच्या खिडकीत किंवा ओसरीत ठेवा, जिथे सकाळचे दोन-तीन तास ऊन मिळेल. बाहेर काढताना एकदम कडक उन्हात ठेवू नका, आठवडाभर हळूहळू सवय लावा. आमच्याकडच्या मे महिन्यात दुपारी सावलीच हवी. कूलरचा थेट झोत टाळा. पाणी रोजच्या हिशेबाने नको. बोट मातीत पेराएवढे खुपसून बघा, कोरडे लागले तरच तळातून वाहेपर्यंत द्या आणि ताटलीत साचलेले ओतून टाका. दर जुम्याला घर आवरताना पाने उलटून एक नजर टाकण्याची सवय ठेवा. पाच मिनिटे लागतात.

घरी दोन कुंड्या असतील तर आणखी सोपे. एक आठवडा एक आत, दुसरी बाहेर; पुढच्या आठवड्यात अदलाबदल. बैठकही सजलेली राहते आणि झाडालाही त्याचे ऊन-वारे मिळते. सालीखाली हिरवे असेल तर उन्हाळ्या-पावसाळ्यात तीन ते सहा आठवड्यांत फांदीच्या टोकाला कोंब दिसू लागतो, थंडीत जरा जास्त वेळ लागतो. तोवर पाणी बेताचे, हात नियमित, आणि इन्शाअल्लाह पालवी फुटेल.