तबकडी ग्राहकाची, मुभा कंपनीची

घरगुती संगणकातून तबकडी लिहिणारे यंत्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत हळूहळू नाहीसे झाले. त्याबद्दल ना कोणी निषेधाचा ठराव केला, ना कोणी हळहळ व्यक्त केली. जुने यंत्र गेले, नवे आले. यात राजकारण ते काय, अशीच पुरोगामी वर्तुळातही समजूत राहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनी या जपानी कंपनीने घरी लिहिता येणाऱ्या कोऱ्या ब्ल्यू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले, तेव्हाही तिकडे फारसे कोणी पाहिले नाही. वस्तुतः या घटनेमागे चाळीस वर्षांचा एक संघर्ष उभा आहे, आणि तो मालकीचा संघर्ष आहे. प्रत करण्याचे साधन कोणाच्या हाती असावे, आणि पैसे मोजून घेतलेली वस्तू घेणाऱ्याची व्हावी की नाही, हे त्यातले दोन प्रश्न आहेत. या संघर्षात सामान्य ग्राहकाची पीछेहाट झाली आहे. चळवळीने त्याकडे पाठ फिरवली, हेही त्या पीछेहाटीचे एक कारण होय.

साधन हाती आले तेव्हा

सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून घडवलेली कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ साली बाजारात आली. ती ऐकता येत असे. तिची तशीच दुसरी तबकडी घरी करता येत नसे. तबकडी छापायची तर कारखाना हवा आणि कारखान्याला भांडवल हवे. १९९० च्या दशकात लिहिता येणारी कोरी सीडी आणि ती लिहिणारा राइटर स्वस्त होत गेले, तशी ही स्थिती पालटली. लेसरच्या किरणाने रंगद्रव्याच्या पातळ थरावर खुणा उमटवायच्या आणि ७०० मेगाबाइट मजकूर किंवा ८० मिनिटांचा आवाज एका तबकडीत बसवायचा, हे काम घरातल्या टेबलावर होऊ लागले. संगणकाला ते काम सांगणारी सॉफ्टवेअरे आली. जर्मनीतल्या एका कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरला ‘नीरो बर्निंग रॉम’ असे नाव देऊन जळत्या रोमवर कोटी केली. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये तर सीडी लिहिण्याची सोय अंगभूतच होती. लिनक्सवर के-थ्री-बीसारखी मुक्त सॉफ्टवेअरे होती. त्यांची घडण कोणालाही उघडून पाहता येत असे.

त्या काळी संगणकाची दुकाने, सायबर कॅफे आणि पक्षांची कार्यालये यांतून ‘सीडी राइट करून द्या’ हे वाक्य रोजचे झाले होते. लिहिणे चालू असताना संगणकाला कोणी हात लावायचा नाही, वीज जाऊ नये म्हणून मनोमन प्रार्थना करायची, आणि तरीही बिघडलेली तबकडी अखेर चहाच्या कपाखाली ठेवायची, असा तो उद्योग होता. या उद्योगाचा अर्थ मात्र मोठा होता. पुनरुत्पादनाचे एक साधन इतिहासात प्रथमच इतक्या स्वस्तात सामान्य माणसाच्या घरात आले होते, आणि मूळ तबकडी व तिची प्रत यांत गुणवत्तेचा काडीचाही फरक राहिला नव्हता.

या साधनाची राजकीय शक्ती महाराष्ट्राने २००४ साली पाहिली आहे. गुजरातमधील २००२ च्या हिंसाचारावरील राकेश शर्मा यांच्या ‘फायनल सोल्यूशन’ या अनुबोधपटाला त्या वर्षी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात स्थान मिळाले नाही आणि पुढे परिनिरीक्षण मंडळाने त्याला प्रमाणपत्रच नाकारले. तेव्हा दिग्दर्शकाने आपल्या चित्रपटाच्या व्हीसीडी फुकट वाटायला काढल्या. अट एकच होती: घेणाऱ्याने आणखी पाच प्रती करून पुढे वाटाव्यात. ज्या कृतीला चित्रपट उद्योग चोरी म्हणत होता, तीच कृती एका निर्मात्याने सेन्सॉरशाहीविरुद्ध शस्त्र म्हणून वापरली. निषेधाची मोहीम देशभर पसरली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंडळाला बंदी उठवावी लागली. घरोघर राइटर नसते, तर ही मोहीम कशाच्या बळावर उभी राहिली असती?

दुकानदार तोच, द्वारपाल तोच

साधन लोकांच्या हाती देणाऱ्या भांडवलानेच ते पुढे काढून घेतले, हे या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण आहे. त्यासाठी एकट्या सोनी कंपनीचे चरित्र पाहिले तरी पुरे. घरी व्हिडिओ टेप करण्याचे तिचे बीटामॅक्स यंत्र बंद पाडावे म्हणून हॉलिवूडच्या कंपन्यांनी अमेरिकेत खटला भरला होता. १९८४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम सवडीने पाहण्यासाठी घरी टेप करणे हा कायदाभंग नाही, असे त्या निकालाने ठरले. त्या वेळी सोनी यंत्रे विकत होती, म्हणून ग्राहकाचे स्वातंत्र्य तिला प्रिय होते. १९८८ मध्ये तिने सीबीएस रेकॉर्ड्स आणि १९८९ मध्ये कोलंबिया पिक्चर्स ताब्यात घेतले. गाणी आणि चित्रपट स्वतःच्या मालकीचे होताच कंपनीचे तत्त्वज्ञानही बदलले. भांडवलाला तत्त्वे नसतात, हितसंबंध असतात, याचे याहून ठसठशीत उदाहरण क्वचितच सापडेल.

या बदलाचे फळ २००५ साली उघड झाले. सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या अनेक तबकड्या संगणकात घातल्या की एक सॉफ्टवेअर गुपचूप आत शिरत असे. ते प्रतींची संख्या तीनपुरती मर्यादित करी आणि आपले अस्तित्व संगणकापासून लपवून ठेवी. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने त्या वर्षी ऑक्टोबरअखेर हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. या लपण्याच्या जागेचा फायदा विषाणू लिहिणाऱ्यांनीही घेतला, आणि ते सॉफ्टवेअर उपटून काढू पाहणाऱ्याचा सीडी ड्राइव्हच निकामी होण्याचा संभव होता. गदारोळ उठल्यावर तबकड्या परत मागवाव्या लागल्या, खटले झाले, तडजोडी झाल्या. रोख रक्कम मोजून गाणे घेणाऱ्या प्रामाणिक ग्राहकाच्या घरात कंपनीने घुसखोरी केली होती. ज्याने ते गाणे चोरून उतरवले, त्याच्या घरात मात्र काही शिरले नाही!

डीव्हीडीची कथा वेगळी नाही. मुक्त व्यापाराचे पोवाडे गाणाऱ्या उद्योगाने डीव्हीडीसाठी जगाचे सहा प्रदेश पाडले. अमेरिका पहिल्यात, भारत पाचव्यात. न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या मुलाने तिथे रीतसर विकत घेतलेली तबकडी पुण्यातल्या आईवडिलांच्या यंत्रावर चालू नये, अशी ही व्यवस्था. संगणकाच्या ड्राइव्हचा प्रदेश फक्त पाच वेळा बदलता येई; पुढे तो कायमचा गोठे. कंपन्यांच्या मालाला सीमा नको, ग्राहकाच्या खरेदीला मात्र हवी! १९९९ साली नॉर्वेतील योन लेक योहान्सन या पंधरा वर्षांच्या मुलाचे नाव डीव्हीडीचे कुलूप उघडणाऱ्या सॉफ्टवेअरशी जोडले गेले, तेव्हा त्याच्यावर फौजदारी खटला भरण्यात आला. २००३ साली दोन न्यायालयांनी त्याला निर्दोष ठरवले. स्वतः विकत घेतलेली तबकडी पाहणे हा गुन्हा होऊ शकत नाही, एवढी साधी गोष्ट सिद्ध करायला चार वर्षे लागली. अमेरिकेत तर १९९८ च्या कायद्याने कुलूप उघडण्याचे साधन विकणे हाच अपराध ठरवला होता.

मालकाचा झाला कूळ

कुलपे फुटतात, असे दिसल्यावर उद्योगाने अधिक पक्का मार्ग शोधला. वस्तू विकायचीच नाही, भाड्याने द्यायची. अॅपलने २००३ मध्ये गाण्यांचे दुकान उघडले तेव्हा विकत घेतलेल्या गाण्यांची एक यादी दहा वेळा सीडीवर लिहिण्याची मुभा होती. वर्षभरात ती सातावर आणली गेली. मुभा देणारा ती कमीही करू शकतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता. २००९ साली अॅमेझॉनने ग्राहकांनी घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची पुस्तके त्यांच्याच किंडल यंत्रांतून दुरून पुसून टाकली आणि पैसे परत केले; त्यांत ‘१९८४’ ही कादंबरीही होती. २०१३ मध्ये अडोबीने आपल्या चित्र आणि व्हिडिओच्या सॉफ्टवेअरच्या पुढील आवृत्त्या विकणे बंद करून वर्गणी लावली. कारागिराची हत्यारेसुद्धा आता मासिक भाड्यावर! २०२५ पासून कॅलिफोर्नियात लागू झालेल्या कायद्याने विक्रेत्यांना बजावले, की केवळ परवाना देत असाल तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरू नका. कायमची उतरवून जवळ ठेवता येईल अशी वस्तू मात्र या कायद्याने वगळली. प्रत हाती असेल तरच ती खरेदी, हे भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यातील कायद्यानेच कबूल केले.

‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा ज्या मातीत दुमदुमली आणि १ एप्रिल १९५७ रोजी जिथे कूळ जमिनीचा मालक मानला गेला, तिथे हा उलटा प्रवास कळायला कठीण जाऊ नये. तिथे कूळ मालक झाला. इथे मालकाला कूळ केले जात आहे, आणि तेही बेदखलीविरुद्ध कोणताही कायदा पाठीशी नसलेले कूळ.

काही आक्षेप

यावर चळवळीतूनच तीन आक्षेप येतात. पहिला असा, की हा मध्यमवर्गाच्या करमणुकीचा प्रश्न आहे. ज्याला भाकरीची भ्रांत त्याला तबकडीचे काय? परंतु शिबिरांतील भाषणे, शाहिरांची कवने, मोर्चांची चित्रणे आज कुठे साठवली जातात? परदेशी कंपन्यांच्या संगणकांवर. कंपनीने एक खाते बंद केले, की वीस वर्षांची स्मृती गेली. ५ ऑगस्ट २०१९ नंतर काश्मीरमध्ये इंटरनेट बंद झाले आणि वेगवान मोबाइल सेवा फेब्रुवारी २०२१ मध्येच परतली. त्या काळात ज्याच्यापाशी स्वतःची प्रत होती, त्याच्यापाशीच काही होते. जी सत्ता तारा कापू शकते, तिच्या तारेवर स्मृती टांगून ठेवणे हा आत्मघात आहे.

दुसरा आक्षेप कलावंतांच्या पोटापाण्याचा. तो गंभीर आहे आणि त्याची टर उडवणे समाजवाद्याला शोभणार नाही. विकण्यासाठी शेकडो प्रती काढणारा धंदेवाईक आणि घरच्यासाठी किंवा शेजाऱ्यासाठी एक प्रत करणारा माणूस यांना मात्र एकाच मापाने मोजता येत नाही. शिवाय कलावंताला लुटले कोणी? गीतकार-संगीतकारांकडून सगळे हक्क एकरकमी लिहून घेण्याची प्रथा कंपन्यांचीच होती. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांचा मानधनातील समान वाटा अबाधित केला, तेव्हा कंपन्यांनी त्याचे स्वागत केले नव्हते. कलावंताचे नाव पुढे करून संरक्षण भांडवलाला मिळवायचे, हा जुना डाव आहे.

तिसरा आक्षेप, की तबकडी कालबाह्यच झाली. हे खरे आहे. कोऱ्या सीडीवरील रंगद्रव्य कालांतराने विटते, ओरखडे पडतात, वाचणारी यंत्रेही दुर्मिळ होत आहेत. तबकडीची पूजा कोणी करू नये. पण साधन नाशवंत आहे म्हणूनच एका साधनावरून दुसऱ्यावर प्रत उतरवण्याचा हक्क अविनाशी असला पाहिजे. तबकडी गेली याचे दुःख नाही. तिच्याबरोबर तो हक्कही नेला गेला, ही तक्रार आहे.

मागणी काय असावी

भारतीय कायदा या बाबतीत अमेरिकेपेक्षा बरा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खाजगी उपयोगासाठी रास्त वापराला परवानगी देते. २०१२ साली घातलेले कलम ६५-अ कुलूप तोडण्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. मात्र कायद्याने मना न केलेल्या कामासाठी ते उघडण्यास सूट देते. पण दुसऱ्याला असे कुलूप उघडून देणाऱ्याने त्या माणसाच्या नावापत्त्याची संपूर्ण नोंद ठेवावी, अशी अटही आहे. हक्क कागदावर द्यायचा आणि तो बजावू पाहणाऱ्याची नोंदवही ठेवायची, याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत.

म्हणून समाजवादी चळवळीची मागणी निःसंदिग्ध असली पाहिजे. नोंदवहीची अट रद्द व्हावी. ‘विक्री’ म्हणून पैसे घेतलेल्या प्रत्येक डिजिटल वस्तूची कुलूपरहित प्रत ग्राहकाला देणे विक्रेत्यावर बंधनकारक व्हावे. सार्वजनिक ग्रंथालयांना आपल्या तबकड्या आणि फिती नव्या साधनांवर उतरवण्यासाठी निधी मिळावा. सरकारी शाळा-कार्यालयांत मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य मिळावे. आणि ठराव करून थांबायचे नसेल, तर प्रत्येक तालुका कार्यालयाने आपल्या कपाटातील जुन्या सीडी या वर्षीच बाहेर काढाव्यात, चालतात त्या दोन ठिकाणी उतरवून घ्याव्यात आणि एक प्रत शेजारच्या तालुक्यात ठेवावी. फार तर दोन रविवारांचे हे काम आहे.

२००४ साली एका चित्रपटकर्त्याने पाच प्रतींचे वचन मागितले होते आणि कार्यकर्त्यांनी ते पाळले होते. ते वचन आज नव्याने घेण्याची वेळ आली आहे. ज्याच्या हाती प्रत, त्याच्या हाती इतिहास. आणि तो भाड्याने मिळत नसतो.