जळगाव-धुळ्याच्या उन्हात फोनचं चार्जिंग मध्येच का थांबतं?

मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. अशा दुपारी चार्जिंगला लावलेल्या फोनची स्क्रीन आपोआप मंद होते, चार्जिंग रखडतं. चार्जर बिघडला का? बहुतेक वेळा नाही.

फोन ० ते ३५ अंशांतच वापरा, असं अ‍ॅपल आणि सॅमसंग सांगतात. त्यात चार्ज होताना लिथियम-आयन बॅटरी स्वतःही तापते. उष्णतेने तिचं आयुष्य घटतं, म्हणून फोनच चार्जिंगचा वेग कमी करतो किंवा ते थांबवतो.

काय कराल? कव्हर काढा, फोन गादीवर ठेवू नका, चार्जिंगवेळी गेम-व्हिडिओ टाळा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत ओल धरते. पहाटेच्या गारव्यातही चार्जिंग अडलं, तर केबल आणि पोर्ट तपासा. बॅटरी फुगली असेल तर चार्जिंगला लावूच नका, सर्व्हिस सेंटर गाठा.