‘बहुतेक नाही’ म्हणणारी मुलं

३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन. विदर्भात तेव्हा शाळांना उन्हाळ्याची सुटी. त्यामुळे प्रतिज्ञा, घोषवाक्ये, निबंध हे सगळं शाळा उघडल्यावर उरकतं. निबंध मुलं छान लिहितात. तंबाखूने कर्करोग होतो हे सातवीतल्या मुलाला झोपेतून उठवून विचारा, सांगेल.

मग अडतं कुठे? भारत, इंडोनेशिया, थायलंड, म्यानमार अशा अनेक देशांत १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांचं तंबाखू सर्वेक्षण होतं. त्यात विचारतात, ‘जवळच्या मित्राने सिगारेट दिली तर ओढशील का?’ कधीही न ओढलेला मुलगा ‘बहुतेक नाही’ म्हणाला, तरी तो धोक्यात धरतात. ‘मुळीच नाही’ हेच उत्तर चालतं. मला ही मोजणी पटते.

२०१९ च्या भारतातल्या फेरीत ८.५ टक्के मुलं कुठला ना कुठला तंबाखू वापरत होती. न ओढता तोंडात धरायचा तंबाखू ज्यांनी कधी घेतला, त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांची सुरुवात वयाच्या दहा वर्षांच्या आत झाली होती. म्हणजे चौथीच्या वर्गात!

नागपुरात तर सिगारेटपुरतं विचारून भागत नाही. इथे खर्रा आहे. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिलेला. धूर निघत नाही, म्हणून घरात कोणाला ते व्यसनही वाटत नाही. पुढे सुपारीनं तोंड उघडेनासं होतं, ते वेगळंच. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी आली. खर्रा मात्र पानठेल्यावर डोळ्यांदेखत घोटून मिळतो. २००३ च्या कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही, शाळेपासून १०० यार्डांतही नाही. पण पोरगा ठेल्यावर जातो तो बाबांसाठी. कायदा ‘कोणासाठी’ हे विचारत नाही, आणि ठेलेवालाही विचारत नाही. पालकहो, निदान मुलांना तरी खर्रा आणायला पाठवू नका.

वर्गात मी तोच प्रश्न खर्रा घालून विचारला. सगळे एका सुरात, “नाही सर!” मागच्या बाकावरून एकजण हळूच म्हणाला, “सर, मामानंच देला तं?”

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. मोठ्यांना नाही कसं म्हणायचं, हे आम्ही शिकवतो कुठे? उलट मोठ्यांचं ऐकावं हेच शिकवतो.

त्या तासाला निबंध बाजूला ठेवला. एकाला मामा केलं, दुसऱ्याला भाचा. पहिल्या दोघा भाच्यांना हसू आवरेना, तिसऱ्याने पुडी हातात घेऊनच टाकली. चौथा म्हणाला, “नको मामा, तुम्हीच खा,” आणि मग स्वतःच थांबला. “नाही सर, हे चुकलं. परत करतो.”