दागिना, पावती आणि अचौर्य



लग्नसराई जवळ आली की रत्नागिरीत राम आळीपासून गोखले नाक्यापर्यंत सराफी दुकानांत आपल्या बायकांची गर्दी सुरू होते, आणि दर वर्षी एक वाक्य हमखास कानावर पडतं, "अगं, घरच्यासारखेच आहेत ते, त्यांना काय विचारायचं?" मला वाटतं, घरच्यासारख्या माणसाला तर आधी विचारावं. तो खरा असेल तर त्याला राग येणार नाही, उलट भिंग काढून हातात देईल. आणि राग आलाच तर आपलं काम सोपं झालं.

हे मी केवळ व्यवहार म्हणून सांगत नाही. आपल्या तिसऱ्या अणुव्रताचे, अचौर्याचे, पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत. स्वाध्यायात आपण ते घडाघडा म्हणतो. त्यातला एक हीनाधिकमानोन्मान, म्हणजे मापात कमीजास्त करणं. दुसरा प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे अस्सलात नकली मिसळून अस्सल म्हणून देणं. हे दोन ऐकले की आपण लगेच दुकानदाराकडे बघतो. पण त्याच यादीत विरुद्धराज्यातिक्रमही आहे, राज्याचा नियम मोडून केलेला व्यवहार. आणि तदाहृतादान, म्हणजे चोरीचा माल घेणं. हे दोन काउंटरच्या अलीकडे बसलेल्या बाईलाही लागू होतात. तीन टक्के जीएसटी वाचावा म्हणून "बिल नको, चिठ्ठी चालेल" असं जी म्हणते, तिने हा अतिचार दुकानदाराच्या गळ्यात घालून मोकळं होऊ नये.

आता मुख्य गोष्ट, शिक्का. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क सक्तीच्या कक्षेतला नवा सोन्याचा दागिना सहा अक्षर-अंकी क्रमांकाशिवाय विकता येत नाही. या क्रमांकाला एचयूआयडी म्हणतात. दागिन्यावर आता तीनच खुणा बघायच्या: भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि हा क्रमांक. पूर्वीच्या दागिन्यांवर तपासणी केंद्राची आणि सराफाची वेगळी खूण असायची, म्हणून २०२१ च्या आधीचा दागिना वेगळा दिसला तर घाबरून जाऊ नका. क्रमांक प्रत्येक नगाला स्वतंत्र असतो. पाटल्यांची जोडी घेतली तरी दोघींचा क्रमांक वेगळा. मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की दागिना कोणत्या प्रकारचा, शुद्धता किती, कुठल्या केंद्रात तपासला, सराफाचा नोंदणी क्रमांक काय, हे सगळं समोर येतं. हातात बांगडी आणि ॲपमध्ये अंगठी दिसली तर तिथेच थांबा. अक्षरं फार बारीक असतात, पण दहापट मोठं दाखवणारं भिंग दुकानात ठेवणं सराफाला बंधनकारक आहे. मागायला लाजू नका.

हा क्रमांक आला तेव्हा सराफांनी विरोध केला होता. २३ ऑगस्ट २०२१ ला देशभर एक दिवसाचा लाक्षणिक बंद झाला. कामाचा ताण, उशीर, कागदपत्रं, त्यांच्या काही तक्रारी खऱ्याही होत्या. पण ग्राहकाच्या बाजूने बघा. २०२२ मध्ये ठरलेल्या दराने एका नगाच्या हॉलमार्कला ४५ रुपये आणि त्यावर कर. लाखाच्या दागिन्यावर पन्नास-पंचावन्न रुपयांत जर त्याची जन्मकुंडली मिळत असेल, तर मला तरी तो महाग सौदा वाटत नाही.

तरीही माझी खरी काळजी शिक्का नसलेल्या दागिन्याची नाही. शिक्का असलेल्या दागिन्यावर आपण जो आंधळा विश्वास टाकतो, त्याची आहे.

माझ्या नणंदेचंच सांगते. मुलाच्या फीसाठी तिने खड्यांचा सेट पतसंस्थेत तारण ठेवायला नेला. घरात तो "चार तोळ्यांचा हॉलमार्कचा सेट" म्हणूनच ओळखला जायचा. तिथल्या सोनाराने वजन केलं, ४० ग्रॅम बरोबर भरलं. शिक्का बघितला, तोही अस्सल. मग त्याने खड्यांचे सहा ग्रॅम वजा केले, उरले ३४. आणि शिक्क्यावर आकडा होता ७५०, म्हणजे अठरा कॅरेट. ३४ ग्रॅमचे पाऊण टक्के नव्हे, पाऊण हिस्सा, म्हणजे शुद्ध सोनं साडेपंचवीस ग्रॅम. तिच्या डोक्यात हिशेब होता बावीस कॅरेटच्या चाळीस ग्रॅमचा, म्हणजे साडेछत्तीसच्या वर. एक तोळ्याहून जास्त शुद्ध सोनं जे तिच्याकडे कधी नव्हतंच! कर्ज कमी मंजूर झालं, आणि उरलेल्या फीसाठी तिला भावापुढे हात पसरावा लागला. वन्संना सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

शिक्का इथे एका शब्दानेही खोटं बोलला नव्हता. त्याने ७५० लिहिलं होतं, कुणी वाचलं नाही. "हॉलमार्कचं आहे" या वाक्याला काहीच अर्थ नाही, पुढचा प्रश्न हवा, "कितीचा हॉलमार्क?" ९१६ म्हणजे बावीस कॅरेट, ८३३ म्हणजे वीस, ७५० म्हणजे अठरा, ५८५ म्हणजे चौदा. जुलै २०२५ पासून तर नऊ कॅरेटलाही हॉलमार्क मिळू लागला आहे, त्याचा आकडा ३७५. त्यात निम्मंसुद्धा सोनं नाही, पण हॉलमार्क आहेच. हिऱ्याचे दागिने बहुधा अठरा किंवा चौदा कॅरेटात असतात, कारण बावीस कॅरेटचं सोनं मऊ, हिरा धरणारी कोंदणाची नखं त्यात नीट टिकत नाहीत. यात फसवणूक काही नाही. फसवणूक होते ती बावीसचा भाव लावला तर, आणि खड्यांचं वजन सोन्याच्या भावात मोजलं तर. वन्संच्या हातात पावती नव्हती, नुसती चिठ्ठी होती, "सेट – ४० ग्रॅम". पक्क्या बिलात दागिन्याचं वर्णन, सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचा खर्च वेगवेगळे लिहायलाच लागतात. म्हणून चिठ्ठी देणाऱ्याला चिठ्ठी का आवडते, याचा विचार करा.

शिवाय शिक्क्यावर लिहिल्यापेक्षा सोनं कमी शुद्ध निघालं, तर त्या वजनावर जितका फरक येतो त्याच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद २०१८ च्या नियमांत आहे. पण दागिना त्या दुकानातून घेतला हे सिद्ध कशाने करणार?

आता हिरा. सोन्याच्या शिक्क्याचा हिऱ्याशी काहीही संबंध नाही. अंगठीवर ७५० आणि एचयूआयडी असला तरी वरचा दगड हिरा आहे, अमेरिकन डायमंड आहे की प्रयोगशाळेत वाढवलेला आहे, याबद्दल तो शिक्का मूक आहे. हिऱ्यासाठी वेगळं प्रमाणपत्र लागतं, जीआयए किंवा आयजीआयसारख्या प्रयोगशाळेचं, ज्यात वजन, रंग, स्वच्छता आणि पैलू लिहिलेले असतात. हिऱ्याचा कॅरेट हा वजनाचा; पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम. सोन्याचा कॅरेट शुद्धतेचा. या एका शब्दाच्या घोळावर कितीतरी दुकानं चालत असतील! बऱ्याच सुट्या हिऱ्यांच्या कडेवर लेसरने प्रमाणपत्राचा क्रमांक कोरलेला असतो, तो जुळतो का ते बघून घ्यावं.

प्रयोगशाळेतला हिरा खोटा नसतो. तोही कार्बनच, साध्या भिंगाला काय, दुकानातल्या टेस्टर पेनालाही तो ओळखू येत नाही. अहिंसेच्या विचाराने आपल्यातल्या काही मुली मुद्दाम तोच घेतात, त्यांचं मला कौतुक आहे. खाणीतल्या हिऱ्यांमागच्या युद्धांमुळे २००३ पासून किंबर्ली प्रक्रिया सुरू झाली, पण तिचं प्रमाणपत्र कच्च्या हिऱ्याच्या मालाबरोबर जातं, आपल्या कानातल्या कुडीबरोबर येत नाही. तेव्हा प्रयोगशाळेतला हिरा जरूर घ्या, फक्त त्या भावात घ्या. त्याचे भाव गेल्या काही वर्षांत खूप उतरले आहेत आणि मोडताना हाती फारसं काही येत नाही. खाणीतला म्हणून तो विकला गेला की झाला प्रतिरूपकव्यवहार. हिऱ्याच्या व्यापारात पालनपूरपासून मुंबईपर्यंत आपल्याच समाजाची माणसं मोठ्या संख्येने आहेत. म्हणून तर हे आपण घरातच बोलायला हवं.

कुंदन, पोलकी आणि जडाऊला हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे, दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांनाही आहे. वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या सराफालाही आहे. त्यामुळे लांज्याच्या किंवा देवरुखच्या एखाद्या जुन्या सोनाराच्या दागिन्यावर शिक्का नसला तर तो लगेच लबाड ठरत नाही. मात्र कुंदनमध्ये शिक्काही नाही आणि वजनही खड्यांचं, तिथे दुप्पट सावध राहावं.

आईचा किंवा सासूबाईंचा जुना दागिना असेल तर त्याला सक्ती नाही. "बिनहॉलमार्कचं आता चालत नाही, वितळवून टाका" असं कुणी म्हणालं तर दागिना पिशवीत घालून घरी या. मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात ग्राहकाला स्वतःचं सोनं तपासून मिळतं. २०२२ मध्ये जाहीर झालेला दर चार नगांपर्यंत २०० रुपये होता. कोल्हापुरी साजासारख्या जुन्या दागिन्यांत आत लाख भरलेली असते, ते वजन आधीच मनातून वजा करून ठेवा. (लाख किड्यांपासून मिळते आणि पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे, हे आपल्यापैकी कितीजणींना तो साज घालताना आठवतं कोण जाणे. मी जुना साज घालते, नवा लाखेचा घेत नाही.)

तसंच "केडीएम" हा शब्द. अजूनही बायका तो शुद्धतेची पदवी असल्यासारखा वापरतात. केडीएम म्हणजे कॅडमियम घातलेलं डाग देण्याचं मिश्रण. त्याच्या धुराने कारागिराची फुप्फुसं खराब होतात, म्हणूनच ते बंद करायला लावलं. जो शब्द ऐकून आपण खूश व्हायचो, तो कुणाच्या तरी श्वासावर उभा होता.

शेवटचा मुद्दा परिग्रहाचा. आपल्यातल्या कितीतरी जणींनी सोन्याची मर्यादा घेतली आहे, कुणी पंचवीस तोळे, कुणी पन्नास. हिरण्य-सुवर्णाचं प्रमाण ओलांडणं हा अतिचार आहे. पण ते प्रमाण आपण मोजतो कसं? खड्यांसकट? लाखेसकट? जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा की बाजारातला आताचा दहाचा? अठरा कॅरेट आणि बावीस कॅरेट एकाच रांगेत? पर्युषणात किंवा दशलक्षणात एक दुपार काढा, कपाट उघडा, प्रत्येक नगापुढे निव्वळ वजन आणि शिक्क्यावरचा आकडा लिहा. एकूण किती शुद्ध सोनं आहे ते मर्यादेशेजारी मांडा. काहींचं कमी भरेल, काहींचं जास्त. ज्यांचं जास्त भरेल त्यांनी या वर्षी अक्षय तृतीयेच्या जाहिराती बघू नयेत. तो दिवस तसाही आदिनाथांच्या उसाच्या रसाच्या पारण्याचा आहे, सोन्याचा नाही.

वन्संनी सेट सोडवून आणला आहे. आता त्याच्या डबीत एक कागद असतो: निव्वळ ३४ ग्रॅम, ७५०.