चावलेल्या जागी हळद-तिखट भरणाऱ्यांनो, जरा थांबा

गेले चार दिवस आपल्या महाड-पोलादपूरकडच्या निम्म्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय. कुत्रा चावला तर घाबरू नका, जखमेत लाल तिखट आणि हळद भरा, वरून चुना लावा, विष जळून जातं, इंजेक्शनांची गरज नाही. खाली हात जोडलेले आणि 'पूर्वजांचं ज्ञान, जास्तीत जास्त शेअर करा'. माझ्या एकट्याच्या फोनवर तो सहा जणांकडून आला. त्यातले दोघं शिक्षक. एक जण पुण्यात इंजिनीअर आहे, त्याच्या सोसायटीच्या गेटसमोर मोठं हॉस्पिटल आहे. त्याला स्वतःला कुत्रा चावला तर तो तिखटाचा डबा शोधणार नाही, हे मी लिहून देतो. पण गावच्या ग्रुपवर टाकायला काय जातं?

आता लगेच कमेंट येईल की तुझं मेडिकलचं दुकान आहे, तू गोळ्यांचीच बाजू घेणार. तर आधीच सांगतो, कुत्र्याची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती तिथे घेतलीत तर माझ्या गल्ल्यात एक रुपया येत नाही. उलट खोकल्याची बाटली न घेता तुम्ही अडुळशाचा काढा घेतलात तर माझं नुकसान आहे, आणि तरी मी गिऱ्हाइकाला सांगतो की साधी सर्दी आहे, घरी जाऊन सुंठ-गवती चहा घे, दोन दिवस पड, उतरेल. अंगावर पित्त उठलं की आमच्याकडे आजही कोकमाचं आगळ चोळतात. पोटात गुबारा धरला की ओवा. यात कुणाचं काही बिघडत नाही. जो आजार आपला आपण बरा होणार आहे, त्यात माणसाला बरं वाटावं म्हणून आजीनं काही केलं तर ते चांगलंच आहे.

माझं भांडण वेगळं आहे. उपाय हळदीचा का गोळीचा, यावरून मी भांडत नाही. तो उपाय करताना वेळ कुणाचा जातोय, एवढंच मी विचारतो. सर्दीत दोन दिवस गेले तर काही होत नाही. कुत्र्याच्या चाव्यात, फुरशाच्या चाव्यात, विंचवाच्या दंशात, तान्ह्या पोराच्या जुलाबात जो वेळ जातो तो परत मिळत नाही.

रेबीजचं उदाहरण घ्या. विषाणू कुत्र्याच्या लाळेतून जखमेत येतो. तिथून तो नसेच्या वाटेनं मेंदूकडे सरकतो, हळूहळू. बहुतेक वेळा काही आठवडे लागतात, कधी काही महिने. हीच आपल्याला मिळालेली मुदत असते. या मुदतीत लस घेतली तर माणूस वाचतो. एकदा पाण्याची भीती, वाऱ्याची भीती, घशाला आचके सुरू झाले की जगातल्या कुठल्याही हॉस्पिटलात हाती काही लागत नाही. आणि जखम वरून भरून आलेली असते, म्हणून घरचे म्हणत असतात, हळदीनं बघ कसं सुकलं.

मग लोक म्हणतात, आमच्या काकांना चावला होता, तिखट भरलं, काका अजून ठणठणीत आहेत. असतील की. चावणारा प्रत्येक कुत्रा पिसाळलेला नसतो. काकांना चावलेला कुत्रा निरोगी होता, श्रेय तिखटाला मिळालं. ज्यांच्या बाबतीत कुत्रा निरोगी नव्हता ते ग्रुपवर अनुभव लिहायला उरलेले नाहीत.

गंमत बघा, कुत्रा चावल्यावर करायचा एक खराखुरा घरगुती उपाय आहे आणि तो कुणीच फॉरवर्ड करत नाही. साबण आणि वाहतं पाणी. नळाखाली जखम धरायची, साबण लावून पूर्ण 15 मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. या विषाणूला वरून चरबीचं वेष्टन असतं, साबण ते मोडतो. कोरोनात हात धुवायला सांगितले होते तेही याच कारणासाठी. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते, आपल्या सरकारी सूचनांतही हेच आहे, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की तिखट, चुना, हळद, तेल जखमेवर लावू नका. कपडे धुवायचा साबण चालतो. पाच-दहा रुपयांची वडी. पण साबणाला परंपरेचा वास येत नाही ना, त्यामुळे तो मेसेज चालत नाही.

धुवून झालं की लगेच दवाखाना. रक्त निघालेली जखम असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावं लागतं, ते मागून घ्या. आणि पोटातल्या 14 इंजेक्शनांची भीती आता डोक्यातून काढा. ती जुनी लस होती, आपल्या देशात ती बंद होऊन वीस वर्षं होऊन गेली. आता दंडात, चार-पाच खेपांत काम होतं. अजून एक, 'पिल्लू आहे, पिल्लाला कुठला रेबीज' असं म्हणू नका. पिल्लालाही होतो. मांजरालाही होतो.

आपल्या महाडकरांनी तर हे बाहेरच्याकडून शिकायची गरजच नव्हती. विंचवाचं काय व्हायचं ते जुन्या लोकांना विचारा. भातकापणीत, जांभ्याचे दगड हलवताना, लाल विंचू डसायचा. चिंचोका उगाळून चिकटवायचा, भगताकडे न्यायचं, तो विष 'उतरवायचा'. बऱ्याच जणांना नुसत्याच कळा यायच्या, त्या आपोआप थांबायच्या आणि भगताला नारळ-कोंबडा मिळायचा. पण काहींना उलट्या व्हायच्या, दरदरून घाम फुटायचा, हातपाय गार पडायचे आणि मग छातीत पाणी भरून माणूस जायचा. त्यात पोरं जास्त. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. त्यांनी प्रत्येक पेशंटच्या उशाशी बसून हे सगळं टिपलं. कुठल्या खुणा दिसल्या की हृदयावर परिणाम होणार, हे 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. मग ब्लड प्रेशरची एक साधी गोळी, प्राझोसिन, वेळेत दिली तर माणूस वाचतो हे त्यांनी दाखवलं, तेही 1986 साली तिथेच छापून आलं. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. ज्या गावातून जगाला विंचवाचा उपचार कळला, त्या गावाच्या ग्रुपवर 2 दिवसांपूर्वी 'विंचू चावल्यास तुरटी गरम करून लावा' हा मेसेज 40 जणांनी लाईक केलाय. काय बोलायचं?

सापाचं तर विचारूच नका. कोंबडीच्या पिल्लांची मागची बाजू चाव्यावर दाबून धरायची, एक मेलं की दुसरं, हा प्रकार ज्यांनी बघितलाय ते आपल्यात अजून आहेत. तेवढ्या वेळात गाडी काढून माणूस सलाईनवर गेला असता. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत हे सरळ लिहिलेलं आहे: कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर का होईना, पण तो कायदा आपल्या राज्यात आला.

'मग आपलं सगळं ज्ञान खोटं का?' असा प्रश्न येणार. अजिबात नाही. हळदीनं जखम भरते यावर अमेरिकेत 1995 साली पेटंट घेतलं होतं. डॉ. माशेलकर सीएसआयआरचे प्रमुख असताना ते लढून 1997 साली रद्द करून घेतलं. ते नुसत्या अभिमानावर रद्द झालं नाही, जुने कागद, जुने छापील पुरावे मांडून रद्द झालं. आणि तिथेसुद्धा विषय साध्या जखमेचा होता, रेबीजचा नव्हता.

त्याहून मोठं उदाहरण मीठ-साखरेच्या पाण्याचं. 1971 च्या युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर, सोडा पाण्यात कालवून लोकांना पाजायला दिलं आणि छावणीतले मृत्यू एकदम खाली आले. हा स्वयंपाकघरातला उपाय आहे की नाही? पण त्याला माप आहे. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर पोराला अपाय होतो. आपली भाताची पेज चिमूटभर मीठ टाकून दिली तरी उत्तम काम करते. हा मेसेज मापासकट फिरवा, मी स्वतः पहिला शेअर करतो.

'नैसर्गिक आहे, अपाय होत नाही', या एका वाक्यानं जेवढं वाटोळं केलंय तेवढं कशानंच नाही. धोतऱ्याच्या बियाही नैसर्गिकच आहेत. दुधीचा रस घ्या. 2010 साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ कडू दुधीच्या रसानं गेले, त्यानंतर आयसीएमआरच्या समितीला सांगावं लागलं की रस कडू लागला तर पिऊ नका. गुळवेल घ्या. कोरोनाच्या पहिल्या वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी ती रोज पिणाऱ्या काही पेशंटांच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही, वनस्पती दुसरीच असेल म्हणालं. असेल. पण मग कुंपणावरून वेल तोडून आणणाऱ्या आपल्या माणसाला ती कुठली आहे हे कोण सांगणार? एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, हे तर माझ्या दुकानात आठवड्यातून एकदा तरी मी कुणाला ना कुणाला सांगतो, आणि प्रत्येक वेळी आजीबाई माझ्याकडे मी नास्तिक असल्यासारखं बघतात.

मुक्या जनावरांचे तर हालच. त्यांना 'नको' म्हणता येत नाही. नवीन फॅड म्हणजे कुत्र्याला लसूण खाऊ घाला, गोचीड पळतात. अरे बाबा, कांदा-लसणानं कुत्र्या-मांजरांच्या लाल पेशी फुटतात. गोचीड तापात त्याचं रक्त आधीच कमी झालेलं असतं, त्यात तुम्ही लसूण घालताय! मांजराला ताप आला म्हणून कुणी अर्धी पॅरासिटामॉल मागायला येतं. मी देत नाही. माणसाला चालते म्हणून तिला चालत नाही, मांजराच्या शरीराला ती पचवताच येत नाही, अर्ध्या गोळीनंही मांजर मरतं. खरजेला गाडीचं जळकं ऑईल फासतात, कापूर-तेल फासतात. जनावर स्वतःला चाटतं हे साधं लक्षात येत नाही? गाईचं पोट फुगलं की गोडेतेल पाजतात, त्यात तेलाचा दोष नाही, पोटात फेस धरला असेल तर तेल उपयोगीही पडतं. पण मान वर खेचून, जीभ ओढून धरून बाटली ओतली की तेल फुफ्फुसात जातं आणि दोन दिवसांनी गाय धापा टाकत मरते. मग म्हणायचं, नजर लागली.

पण सगळा राग मी मेसेजवाल्यांवर काढणार नाही. लोक तिखट भरतात त्याचं एक कारण दवाखान्याची वाट आहे. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या पोराला चावला, पायाला चांगला लचका होता. नळाखाली धुवून मी त्याला मोटारसायकलवर एका सरकारी दवाखान्यात नेला. लस होती, सीरम नव्हतं. 'पुढे जा.' त्याच्या बापाची त्या दिवशीची मजुरी गेली, गाडीभाडं वेगळं. नाव लिहीत नाही, कारण तिथला डॉक्टर चोर नाही, साठा वरून येतो. गुरांच्या दवाखान्याचंही तेच: इमारत आहे, रंग आहे, डॉक्टरकडे चार ठिकाणचा चार्ज. 1962 नंबरवर फोन लावला तर गाडी येते म्हणतात, पण डोंगरातल्या वाडीवर गाय रात्री दोनला फुगते.

आणि नेमकी इथेच त्या 'पूर्वजांच्या ज्ञाना'ची सोय होते बघा. बटव्याचं कौतुक करणारी भाषणं सगळे पुढारी करतात, कारण बटवा भरायला बजेट लागत नाही. सीरमचा साठा भरायला लागतं. आपण ग्रुपवर हात जोडून तिखटाचा मेसेज फिरवत बसलो तर त्यांना कोण विचारणार की सीरम का नाही? परंपरा आपण सांभाळायची आणि पैसा त्यांनी वाचवायचा, असा हा व्यवहार आहे.

म्हणून 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी लेखी अर्ज देतोय. मागण्या साध्या आहेत. आपल्या आरोग्य केंद्राच्या दारात फळा लावा आणि त्यावर रोज लिहा: कुत्र्याची लस किती, सीरम किती, सापाची लस किती, प्राझोसिन आहे की नाही. संपलं असेल तर कुठे मिळेल, तेही लिहा. आणि पाळीव-भटक्या सगळ्या कुत्र्यांसाठी वर्षातून एकदा गावातच लसीचं शिबिर घ्या, तारीख आधी जाहीर करून.

अर्जाची प्रत दुकानात काउंटरवर ठेवली आहे. सकाळी 9 ते 1, संध्याकाळी 5 नंतर. सही करायला या. ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांनी त्याचं शेवटचं इंजेक्शन कधी झालं ते सांगा, शिबिरासाठी यादी करतोय. कार्ड हरवलं असेल तरी चालेल, नाव लिहून ठेवू.