निमोला धाप लागलीय!

चंद्रपूर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? ताडोबाचा वाघ, थर्मलच्या चिमण्या आणि मे महिन्यात टीव्हीवर झळकणारा ४५-४६ अंशांचा आकडा. करेक्ट! आता याच शहरातल्या एका टू बीएचकेच्या हॉलमध्ये २०० लिटरचा समुद्र आहे असं सांगितलं तर? गंमत नाही करत, बॉस. माझ्या एका दोस्ताने टीव्हीशेजारी खाऱ्या पाण्याची टाकी लावलीय. दोन क्लाऊनफिश (२००३ च्या ‘फाइंडिंग निमो’पासून पोरं त्यांना निमोच म्हणतात), एक निळा डॅमसेल आणि दोन लाल-पांढरे झिंगे.

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडलं, तेव्हा समुद्र रस्त्यापलीकडेच होता. आमच्याकडे तो पॅकेटातून येतो. नळाला येणारं इरई धरणाचं पाणी आरओमधून काढायचं, त्यात टाकीसाठीचं खास मीठ मोजून घालायचं. किचनमधलं मीठ चालत नाही. (बाय द वे, गडचिरोलीकरांना अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर जवळ. वैनगंगेचं पाणीसुद्धा शेवटी तिकडेच जातं.) एवढा खटाटोप केल्यावर मासा आजारी पडला, तर न्यायचं कुठे? गुरांचा डॉक्टर मिळतो, कुत्र्याचाही मिळतो. समुद्री माशाचा डॉक्टर दोस्ताला अजून सापडलेला नाही. म्हणजे निदान घरातच करायचं.

ते पहिल्यांदा केलं त्याच्या आईने. काकूंचं माहेर आरमोरीकडचं. त्या भागात माजी मालगुजारी तलाव आहेत, लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. उन्हाळ्यात पाणी आटलं की पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, हे काकू लहानपणापासून बघत आलेल्या. एका दुपारी त्यांनी लेकाला ऑफिसात फोन लावला, “तो निळा मासा हाफून राहिला रे. काहून?” लेकाने विचारलं, अंगावर ठिपके आहेत का? ठिपके नव्हते. “मग टेन्शन नको घेऊ, आई.”

टेन्शन घ्यायला हवं होतं! ठिपके बरेचदा नंतर दिसतात, धाप आधी लागते. कारण परजीवी नुसता अंगावर बसत नाही, कल्ल्यांतही घुसतो आणि मासा श्वास घेतो तो कल्ल्यांनीच. म्हणून पहिला फंडा एकदम फुकटातला आहे. मासा ठणठणीत असतानाच घड्याळ लावून मिनिटभर कल्ल्यांची उघडझाप मोजा. तीन-चार दिवस मोजा आणि आकडा फ्रिजवर चिकटवा. तोच आकडा दीडपट झाला, की अंगावर काही दिसो न दिसो, समजा की गडबड आहे. जोडीला बाकीची लक्षणं बघा: दगडाला अंग घासणं, पंख अंगाशी आवळून धरणं, पंपाच्या धारेसमोर लटकून राहणं आणि खाणं तोंडात घेऊन थुंकणं.

दुसरा प्रश्न असा, की एकच मासा हाफतोय का सगळे? सगळे एकदम हाफत असतील तर औषधाच्या बाटलीला हात लावू नका. दोष पाण्याचा असण्याची शक्यता जास्त. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, खाऱ्या पाण्यात तर आणखी कमी. २९२० मेगावॅटचं वीज केंद्र उशाला असूनही वळवाच्या वादळात आमची लाइट जातेच. पंप थांबला की अमोनिया चढायला लागतो, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसायला हवेत. दिसले नाहीत तर आधीच कालवून ठेवलेलं, तितक्याच तापमानाचं खारं पाणी घेऊन पाव टाकी बदलायची. तापमान २५ ते २७ अंश ठेवायचं. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर साधा पंखा सोडला तरी दोन-तीन अंश उतरतात. फक्त पाणी उडून जातं आणि मीठ मागे उरतं, हे विसरू नका. घटलेली भर साध्या आरओच्या पाण्याने करायची, खाऱ्या नव्हे.

डॅमसेलची केस वेगळी होती. हाफत होता तो एकटाच. तो आदल्याच आठवड्यात नागपूरहून आलेला आणि थेट मोठ्या टाकीत सोडलेला. तिसऱ्या दिवशी अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आले, सातव्या दिवशी गायब! दोस्त एवढा खूश की आम्हाला तर्री-पोहे खिलवले. दोन आठवड्यांनी तिन्ही माशांवर ठिपके.

हा मरीन इक. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी. तो माशावर काही दिवस पोसतो आणि मग स्वतःच गळून पडतो. ठिपके जातात ते त्यामुळे, मासा बरा झाला म्हणून नव्हे. गळालेला परजीवी दगडावर, वाळूत कोश करून बसतो, आत त्याची शेकडो पिल्लं तयार होतात आणि ती परत मासा शोधत सुटतात. ठिपक्यांऐवजी सोनेरी धूळ भुरभुरल्यासारखी दिसली (टॉर्च बाजूने मारून बघा) तर तो व्हेल्वेट, आणि त्यात एक-दोन दिवसांतही मासा जातो. क्लाऊनफिशच्या अंगावरून पांढरट चिकट साल सुटत असेल तर तो ब्रूकलिनेला. त्यालाही थांबायला वेळ नसतो.

डॅमसेल वाचला नाही. दोन्ही निमो वाचले, कारण काकूंनी धुण्याचा मोठा टब रिकामा करून दिला. हॉस्पिटल टाकी म्हणजे तेवढंच. वाळू नाही, दगड नाही. स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. तांब्याचं औषध इथेच द्यायचं, रोज टेस्ट किटने मोजून. मोठ्या टाकीत ते ओतलं तर झिंगे मरतात आणि दगड तांबं शोषून घेतात. दुसरा मार्ग म्हणजे टबातला खारटपणा दोन-तीन दिवसांत १.०२५ वरून १.००९ पर्यंत उतरवायचा आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही चार आठवडे तसाच ठेवायचा. तेवढ्या पाण्यात इक तगत नाही, मासा तगतो. मात्र हा इलाज व्हेल्वेटला नाही. तोवर मोठी टाकी माशांविना. जाणकार ७६ दिवस पकडतात. पाहुणे विचारतात, “अरे, मासे कुठे गेले?” विचारू देत.

गडचिरोलीत कुणी टाकी लावणार असेल तर एक खास सूचना. मलेरियाचा जिल्हा, घरोघरी फवारणी होते. डासांच्या फवाऱ्यांतली पायरेथ्रॉइडं माशांना जहर असतात आणि एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. फवारणी त्या खोलीत नकोच. झालीच तर टाकी झाका आणि पंपाची नळी बाहेरच्या स्वच्छ हवेत न्या.

आणि नवा मासा आणताना दुकानदाराला म्हणा, माझ्यासमोर याला खाऊ घाल. खात नसेल तर पैसे खिशात ठेवा. आणलाच तर चार आठवडे टबात. क्लाऊनफिश हॅचरीतला मागा, आपल्या देशात आता त्याची पैदास होते आणि समुद्रातून ओरबाडून आणलेल्यापेक्षा तो टाकीत लवकर रुळतो. दुकानदाराने हळूच सीहॉर्स दाखवला तर मात्र सरळ बाहेर पडा. २००१ साली तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये गेला, म्हणजे आपल्या ताडोबाच्या वाघाशेजारी.