पुडा फोडल्यानंतर…

तुमच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आत्ता, या क्षणी, एक अर्धा संपलेला बिस्किटांचा पुडा आहे. लावता पैज? तोंड पिळलेलं, वर फायलींना लावायची काळी क्लिप आणि आतली बिस्किटं… जाऊ दे, चहात बुडवली की सगळं सारखंच लागतं!

या क्लिपचं मला पूर्वी कधी काही वाटलं नव्हतं. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या एका मैत्रिणीमुळे मी चक्क पॅकेजिंग या विषयात बुडाले. ही बाई आयटीतली नोकरी सोडून नाचणी, गूळ आणि साजूक तूप घालून कुकीज करते. कुकीज सॉलिड! कोथरूड-कर्वेनगरमधल्या तीन दुकानांनी ठेवायला घेतल्या. छान खाकी पाकीट, पुढे छोटी पारदर्शक खिडकी, वर हाताने लिहिल्यासारखा लोगो. इन्स्टावर धमाल दिसायचं. जुलैत एका दुकानदाराने एकदम चाळीस पाकिटं परत पाठवली. ‘मऊ पडली’, एवढाच निरोप. फंड काढून सुरू केलेला धंदा, ओव्हनचे हप्ते चालू आणि टेबलावर चाळीस मऊ पाकिटं. तिने रेसिपी बदलायचं ठरवलं, गूळ काढून मैदा-साखरेवर जायचं म्हणाली. मी म्हटलं, “अगं थांब, आधी पाकिटाला तर विचारू!”

तर मंडळी, फंडा असा आहे. खुसखुशीत बिस्किटात पाणी पाच टक्क्यांहूनही कमी असतं. पुण्यातल्या जुलैच्या हवेत आर्द्रता बहुतेक सकाळी ८० टक्क्यांच्या वर. हवेतलं बाष्प कोरड्या वस्तूत शिरणारच. म्हणून उघडा ठेवलेला पाव कडक होतो (त्यातलं पाणी बाहेर जातं) आणि उघडं बिस्किट मऊ पडतं (बाहेरचं पाणी आत येतं). साखरेपेक्षा गूळ आणखी वस्ताद. त्यातल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजमुळे तो ओल जास्तच ओढतो. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाणी सुटतं ते आपण पाहतोच. म्हणजे ‘हेल्दी’ कुकीला साध्या कुकीपेक्षा जास्त पक्कं पाकीट हवं आणि ‘हेल्दी’ दिसण्याच्या नादात आपण तिला नेमकं सगळ्यात कच्चं पाकीट देतो. आता बोला!

आम्ही दोघी रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. (पार्किंगचं विचारू नका.) एका दुकानात काकांसमोर आमचं खाकी पाकीट ठेवलं. त्यांनी ते उजेडासमोर धरलं, टर्रकन फाडलं. “ताई, हा नुसता कागद आहे. सहलीला जायचं असेल तर ठीक.” मग दुसरं काढलं, बाहेरून डिट्टो तसंच खाकी, तेही फाडलं, तर आत चंदेरी! “बाहेरनं खाकी दिसलं म्हणून कागद समजू नका. काम आतला थर करतो.”

हा आतला थर म्हणजे वेफर्सच्या पाकिटाच्या आत चमकतो तो. प्लास्टिकच्या फिल्मवर अॅल्युमिनियमची वाफ बसवतात. हा थर केसाच्या हजाराव्या भागाहूनही पातळ, पण बाष्प, ऑक्सिजन आणि उजेड तिघांनाही बऱ्यापैकी थोपवतो. उजेडाचं का एवढं, तर तुपा-तेलाला खवट वास येण्यात ऑक्सिजनइतकाच उजेडाचाही हात असतो. म्हणजे आमची ती गोंडस खिडकी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तुपाचा रोज थोडा थोडा घात करत होती. आणि ‘पाकिटात निम्मी हवाच भरतात’ म्हणून आपण ज्या हवेला शिव्या घालतो, तो बऱ्याचदा नायट्रोजन असतो. तेल खवट होऊ नये आणि वेफर्सचा चुरा होऊ नये म्हणून भरलेला. चुऱ्याचं खापर फोडायचंच असेल तर आपल्या रस्त्यांवर फोडा!

काकांनी जाता जाता दोन गोष्टी सांगितल्या, त्या कुठल्याही कोर्सपेक्षा भारी होत्या. एक, कुकीज पूर्ण गार झाल्याशिवाय भरायच्या नाहीत, नाहीतर आतल्या आतच वाफ धरते. दोन, सील करताना तोंडाशी एक कण जरी चुरा राहिला तरी तिथून हवा जाते. पाकीट बादलीत बुडवून दाबायचं, बुडबुडे आले की नापास. मैत्रिणीने घरी येऊन दहा पाकिटं बुडवली. चार नापास! ओव्हन ठीक, रेसिपी ठीक, घोळ सगळा त्या सीलच्या रेघेत आणि कागदात. गूळ वाचला.

बिस्किटं टिकवायचा हा घोर तसा जुनाच. अमेरिकेत १८९८च्या सुमारास नॅशनल बिस्किट कंपनीने मेणकागदाचं अस्तर लावलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ‘युनीडा’ बिस्किटं आणली. तोवर तिथे किराणा दुकानात उघड्या पिंपातून बिस्किटं मोजून देत. आपल्याकडे पार्ले-जीचा मेणकागदाचा पुडा अनेकांना आठवत असेल, नंतर तो प्लास्टिकचा झाला. आणि प्रिंगल्सचा तो नळकांड्यासारखा डबा! फ्रेड बॉर नावाच्या केमिस्टने तो डिझाइन केला. एकावर एक बसणारे खोगिरासारखे वेफर्स आणि ते तुटू नयेत म्हणून कडक नळी. त्याला या कामाचा इतका अभिमान होता, की २००८ साली तो गेल्यावर त्याची काही रक्षा प्रिंगल्सच्याच डब्यात घालून पुरली. पण त्या डब्यात तळाशी हात जात नाही, हे बहुधा त्याला कुणी सांगितलं नसावं. शिवाय पुठ्ठा, फॉइल, पत्र्याचा तळ आणि प्लास्टिकचं झाकण असं कडबोळं असल्यामुळे त्याचं रिसायकलिंग म्हणजे डोक्याला ताप.

आणि इथेच आमची गाडी अडली. चंदेरी थराच्या पाकिटाचंही तेच दुखणं. वेगवेगळे थर एकमेकांना चिकटलेले, ते सुटे करणं परवडत नाही, त्यामुळे कचरावेचक ते उचलतही नाहीत. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा हातातल्या पिशव्या गेल्या, थर्माकोलच्या प्लेट्स गेल्या. कारखान्यातच भरून येणारे असे पुडे मात्र राहिले. मैत्रीण म्हणाली, “मी नाचणी वापरते ती काय टेकडीवर चंदेरी कचरा टाकायला?” बरोबर आहे तिचं. पण मऊ पडून फेकलेल्या चाळीस पाकिटांतली नाचणी, तूप, गॅस आणि तिची रात्र, हाही कचराच की! मला विचाराल तर अन्न टिकवणारं थोडं प्लास्टिक हे अन्न नासवणाऱ्या सुंदर कागदापेक्षा बरं. यावर आमचं दोन दिवस वाजलं.

मधला मार्ग निघाला तो वाढण्याच्या मुद्द्यावरून. आपण मराठी माणसं पाहुण्यांसमोर पुडा ठेवत नाही, बशीत काढतो. ऑफिसात मात्र बशी नसते, पुडाच फिरतो आणि तो एकदा फोडला की संध्याकाळपर्यंत सगळा संपवावा लागतो (डाएटची वाट ती अशी लागते). म्हणून तिने आत सहा-सहा कुकीजची दोन छोटी चंदेरी पाकिटं केली, एक फोडलं तरी दुसरं शाबूत. बाहेर काड्यापेटीसारखा सरकणारा पुठ्ठ्याचा खोका, आतला भाग ओढला की मीटिंगच्या टेबलावर तोच ट्रे. छापील पाकिटं परवडेनात, कारण प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर करावा लागतो आणि ऑर्डर हजारोंची. त्यामुळे पाकीट साधं आणि सगळं छापकाम खोक्यावर. वजन, एमआरपी, तारीख, घटक, एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर, हिरवा ठिपका. एवढं बसवल्यावर लोगोला जेमतेम अंगठ्याएवढी जागा उरली. डिझायनर रुसला.

किंमत १२० वरून १३५ झाली. दोन दुकानं तयार झाली. माल परत पाठवणाऱ्याने ‘खिडकी हवीच, गिऱ्हाईक बघून घेतं’ असं म्हणून नकार दिला. त्याचंही खोटं नाही. न दिसणारी कुकी घ्यायला ब्रँडवर भरवसा लागतो आणि तिच्या ब्रँडचं वय अवघं आठ महिने. ऑगस्टचा सगळा पाऊस नव्या खोक्याने निभावला, एकही पाकीट परत आलं नाही. पण ओव्हनचा हप्ता दोन दुकानांवर निघत नाही, तो अजून तिच्या भावाच्या खात्यातून जातो.

तिसऱ्या दुकानाची भरपाई म्हणून तिने सोसायटीत वेगळाच प्रयोग सुरू केलाय. पाकीट नाही, खोका नाही, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. शंभर रुपये डिपॉझिट, डबा परत आणा, भरून न्या. मी म्हटलं होतं, मराठी घरात गेलेला डबा कसला परत येतोय! डॅनिश बटर कुकीजच्या निळ्या डब्यात सुईदोरा ठेवणारी जमात आहे आपली. या महिन्यात सोळा डबे बाहेर गेले. अकरा परत आलेत. त्यातले नऊ रिकामे, एकात पातळ पोह्यांचा चिवडा आणि एकात लिंबाचं गोड लोणचं. रिकामा डबा कसा पाठवायचा, म्हणून.